बारा मिनिटं आणि दुधासारखं औषध

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही, मीच घेऊन बसलो. लग्न असो की तेरवी, जेवणं आटोपली, सतरंजीवर चार माणसं टेकली की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, होऊन जाऊ द्या." मी वाटच पाहत असतो. माझ्या गोष्टीतला साप दहा हातांच्या खाली येत नाही. वडिलांनी एकट्याने बांधावरून उचललेला दगड दरवर्षी थोडा वाढतो. पूर्वी माझा धाकटा भाऊ शेजारी बसून मापं दुरुस्त करायचा. "दादा, मांगच्या साली तो दगड दोन मनाचा होता. या साली तीन मनाचा कसा झाला? पानी पेला का त्यानं?" सगळे हसायचे. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त हशा मिळायचा, आणि मला ते चालायचं.

एकच गोष्ट मी आयुष्यात कमी करून सांगितली. ती मिनिटांची.

आमचं शेत शेलूबाजारपासून चार कोसांवर. शेती भाऊ करतो, म्हणजे करायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शेतात मी रविवारी जातो, तेही सल्ला द्यायला. त्या उन्हाळ्यात बोअर आटला आणि जुन्या विहिरीची आठवण झाली. बोअर लागल्यापासून, म्हणजे सात-आठ वर्षं, ती विहीर पत्रे टाकून बंद होती. सोयाबीन काढलं की कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग तिच्याच बाजूला पडायचा, आणि वाऱ्याने उडालेलं कुटार पत्र्यांच्या फटीतून आत जात राहायचं. खाली मोटरीचा जुना पाइप आणि फुटव्हॉल्व अडकून होता. तो काढायचा, गाळ पाहायचा, आणि जमलं तर विहीर चालू करायची, असा बेत होता. बेत माझा. उतरणार तो.

वडील असताना विहिरीत उतरायची एक रीत होती. आधी कंदील उतरायचा. दोराला बांधून पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा, आणि वडील काठावर बसून एक विडी ओढायचे. विडी संपेपर्यंत ज्योत नीट राहिली तर माणूस उतरायचा. ज्योत बारीक झाली की कंदील वर. मग कडुलिंबाच्या फांद्या बांधून खालीवर हलवायच्या, दहा-वीस बादल्या पाणी ओतायचं, आणि पुन्हा कंदील. आम्ही दोघं पोरं कंटाळून जायचो. वडील म्हणायचे, "इहिरीले इचारल्याबिगर तिच्यात जाऊ नाई." एवढंच. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. कारण मी सांगतो, दरवर्षी, सातवीच्या वर्गात. पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास, ज्योत विझते, पोरं टाळ्या वाजवतात, मी फळ्यावर 'ज्वलनास ऑक्सिजन आवश्यक' असं सुवाच्य अक्षरात लिहितो.

त्या दिवशी पत्रे बाजूला केल्यावर भावानेच विचारलं, "दादा, कंदील सोडा लागते ना?"

कंदील गोठ्यात खिळ्याला होता. काच फुटलेली. रॉकेल तर गावातून नाहीसं होऊन जमाना झाला.

"कंदील कोन्या जमान्यातला गा?" मी म्हणालो. "हे बॅटरी सोड. कंदिलाच्या दहापट उजेड हाय."

बॅटरी माझी, नवी, चार्जिंगची. मीच दोराला बांधली, मीच सोडली. तळाचा काळा गाळ असा स्वच्छ दिसला की मला माझंच कौतुक वाटलं. एकही बेडूक नव्हता, हेही दिसलं. त्याचा अर्थ लागला नाही. एक विडी ओढून होईल एवढा वेळ मी थांबलोही, रीत पाळल्यासारखा. उजेड तसूभर कमी झाला नाही. होणार कसा? बॅटरीला हवा लागत नाही. हे वाक्य मी आता कितीही वेळा लिहू शकतो.

"पाह्य, कसा लकलक करून राह्यला," मी म्हणालो. "जाय."

कमरेला दोर बांधून तो लोखंडी कड्यांवरून उतरू लागला. दोराचं दुसरं टोक बाभळीच्या खोडाला. अर्ध्यावर गेल्यावर तो म्हणाला, "कुटाराचा कुजका वास येऊन राह्यला दादा."

"मंग काय अत्तराचा येईन?"

आमच्या दोघांमधलं शेवटचं धड बोलणं म्हणजे हा माझा विनोद.

तळाशी पोचून तो वाकला, पाइपाला हात लावला, आणि खाली बसला. मला वाटलं दम खातोय. "बसला काहून बे?" मी ओरडलो. मग तो एका कुशीवर कलंडला. बॅटरी त्याच्या बाजूलाच पडली होती आणि तिचा सगळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता. डोळे अर्धे उघडे. मी दोर ओढला. तो वीतभर वर आला आणि परत गेला. मी खडू उचलणारा माणूस, तो ऐंशी किलोचा शेतकरी. मी उतरायला कडीवर पाय ठेवला, तेवढ्यात काय सुचलं कुणास ठाऊक, आधी शेजारच्या शेतवाल्याला फोन लावला. तो नांगरणी सोडून पळत आला, सोबत दोन माणसं. मी पुन्हा उतरायला निघालो तर त्याने माझी कॉलर धरून मागे ओढलं.

"एकाचे दोन कायले करता मास्तर? दोर धरा!"

चौघांनी ओढला. भाऊ वर आला तेव्हा ओठ जांभळे, आणि श्वास असा की असला तर आहे, नसला तर नाही. शेजाऱ्याने त्याला आडवं करून तोंडाला तोंड लावून हवा भरली, छाती चोळली. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. बॅटरी खाली तशीच जळत होती.

वाशिमच्या दवाखान्यात नळी घातली आणि तसंच अकोल्याला पाठवलं. तिथल्या आयसीयूच्या डॉक्टरीणबाई, वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, दारातच विचारत्या झाल्या, "हवेशिवाय किती वेळ होते? नीट आठवून सांगा."

माझ्या एका बाजूला माय उभी होती, दुसऱ्या बाजूला भावाची बायको. मी म्हणालो, "पाचेक मिनिटं असतील."

त्यांनी कागदावर पाच लिहिलं.

मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंही नाही. दर लग्नात दगड वाढवणारा माणूस, एक आकडा थोडा आत घेतला तर काय बिघडतं? पाच म्हटलं की भाऊ बरा होणारा वाटत होता. पाच म्हटलं की मी बरा माणूस वाटत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एकेकाला आत सोडलं. त्याच्या उशाशी एक छोटं यंत्र होतं, त्यात मोठी सिरिंज आडवी, आणि तिच्यातून पांढरं, अगदी दुधासारखं औषध थेंबाथेंबाने त्याच्या हातात जात होतं. माय बाहेर येऊन समाधानाने म्हणाली, "दूध देऊन राह्यले त्याले." मी म्हणालो, "माय, ते झोपेचं औषध हाय." तिचा चेहरा पडला. दूध असतं तर बरं झालं असतं, असं मलाही वाटलं.

भावसुनेला मात्र झोपेचं ऐकून राग आला. ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी थेट बोललेली नव्हती. मी भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. पदर डोक्यावर, बोलायचं ते मायच्या नाहीतर पोरांच्या आडून. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्याकडे पाहून बोलली.

"दादा, त्यायले झोपू देऊ नका. साप चावलेल्या मानसाले कोनी झोपू देते का? झोपला की गेला."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. साप चावलेल्याला बसतं ठेवायचं, तोंडावर पाणी मारायचं, नाव घेऊन हाका मारायच्या. ती आत गेली तेव्हा तिने तेच केलं. दोन्ही खांदे धरून त्याला हलवलं, पोरीचं नाव घेऊन म्हणाली, "उठा, ते शाळेतून आली पाहा." यंत्रं कोकलायला लागली आणि सिस्टरने तिला हाताला धरून बाहेर आणलं.

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खुर्च्यांवर बसवून समजावलं. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यांना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं हेही कळत होतं. त्या म्हणाल्या, "हवा परत मिळाली म्हणजे मेंदू वाचला असं होत नाही. खरी गडबड तिथून सुरू होते. मेंदूचे स्वतःचे राखणदार असतात, पेशी. उपाशी राहून मेंदूचा काही भाग मरतो, तो साफ करायला त्या उठतात, आणि साफ करता करता शेजारच्या जिवंत भागालाही इजा करतात. सूज येते, दाह होतो. हे काही तासांत सुरू होतं आणि कितीतरी दिवस चालतं."

"मंग झोपवलं कायले?" भावसुनेने विचारलं. मायच्या आडून नाही, सरळ.

"मेंदू शांत राहिला तर त्याला ऑक्सिजन कमी लागतो. आकडी येत नाही. मशीनच्या श्वासाशी ते झगडत नाहीत."

मी विज्ञानाचा मास्तर. मला गप्प बसवत नाही. "मॅडम, या औषधानं तो दाहही कमी होतो का?"

त्यांनी माझ्याकडे जरा नव्याने पाहिलं. "चांगला प्रश्न आहे, आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही झोपेच्या औषधांनी दाह कमी झालेला दिसतो. कधी उलटंही दिसतं, औषध कोणतं, किती, केव्हा दिलं यावर. माणसांत ठामपणे सांगता येत नाही. म्हणून मी ते दाहासाठी देत नाही. दाह कमी झाला तर तो वरचा फायदा. आणि याला दुसरी बाजू आहे. जितके दिवस झोपवून ठेवू, तितके दिवस मेंदू किती बिघडलाय हे कळणार नाही. झोपलेल्या माणसाला काय विचारणार?" मग कागद पाहून म्हणाल्या, "पाच मिनिटं म्हणालात ना? उद्या सकाळी औषध कमी करून पाहू. पाच असतील तर बहुतेक हाकेला ओ देतील."

बाहेरच्या बाकावर माय आणि भावसुनेसाठी मी याची गोष्ट केली. सवय. म्हणालो, समजा गंजीले आग लागली. विझवणारे आले, पण ते इतके जोशात की शेजारची गंजीही फावड्यानं उधळून राह्यले. मंग पाटील म्हनते, थांबा, सगळे बसा गपचूप. ते गपचूप बसवणं म्हणजे हे औषध. पण पाटलाचं ऐकतात की नाई, हे मात्र कोनाले मालूम नाई.

मायला पटलं. भावसून खाली पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "गोष्ट नका सांगू दादा. ते किती वेळ होते खाली?"

"सांगतलं ना. पाचेक मिनिटं."

तिचा नवरा शेजारी असता तर म्हणाला असता, दादा, या टायमाले माप आटलं कसं?

सकाळी औषध कमी केलं. मला आत बोलावलं होतं, ओळखीचा आवाज म्हणून. मी त्याच्या कानाशी जाऊन हाक मारली. एकदा, दोनदा. पापणी हलली. मी सिस्टरकडे विजयाने पाहिलं. मग ओठाचा कोपरा हलला, मग गाल, मग खांदा, आणि बघता बघता सगळं अंग झटके द्यायला लागलं, पलंगाच्या दांड्या वाजायला लागल्या. तो जागा होत नव्हता. त्याच्या आत काहीतरी सुटलं होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पांढरं औषध परत वाढलं, सोबत आकडीचं दुसरं चालू झालं, डोक्याला तारा लावायला माणूस आला.

अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या. भावसून माझ्या मागे उभी होती.

"नक्की पाचच मिनिटं होती?"

मी खिशातून मोबाइल काढला. आकडा मला पहिल्याच दिवशी माहीत होता. अॅम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या मी पाहिला होता. शेजाऱ्याला लावलेला फोन, दहा वाजून एकेचाळीस. अॅम्ब्युलन्सला लावलेला, दहा वाजून त्रेपन्न. पहिला तो पडल्यावर, दुसरा तो वर आल्यावर. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं, बोटावर वजाबाकी केल्यासारखं काही केलं.

"बारा."

"थोडा श्वास चालू होता," मी म्हणालो.

"म्हणून ते आहेत. नाहीतर इथे आलेच नसते." त्यांनी कागदावरचं पाच खोडलं. "हे मला पहिल्या दिवशी हवं होतं."

"काई फरक पडला असता का?"

मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या विचार करून म्हणाल्या, "औषध बहुतेक हेच दिलं असतं. आजचे झटके कदाचित तरीही आले असते. पण आज सकाळी कमी करायची घाई मी केली नसती. एवढंच सांगू शकते."

मागे वळलो तेव्हा भावसुनेचा पदर खांद्यावर होता. तो तिने परत डोक्यावर घेतला आणि मायच्या बाजूला जाऊन बसली. पुढचे सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि हे आधीसारखं न बोलणं नव्हतं.

त्या सहा दिवसांत मी बाकावर बसून खूप वाचलं. मोबाइलवर, इंग्रजीत, डिक्शनरी उघडून. कोणतं झोपेचं औषध मेंदूतल्या राखणदारांना बसवतं, कोणतं उठवतं. उंदरांना गुदमरवून कोणी काय पाहिलं. मला एक असं वाक्य हवं होतं की, माझ्या सात मिनिटांनी काही फरक पडला नाही. किंवा पडला, असं तरी. ते कुठेच नव्हतं. सगळीकडे 'असू शकतं' आणि 'आणखी अभ्यासाची गरज आहे'. मी शाळेत पोरांना अशा उत्तराला अर्धा गुणही देत नाही.

नवव्या दिवशी औषध पुन्हा हळूहळू उतरवलं. या वेळी भावसून आत होती. तिने हलवलं नाही, नुसता हात धरला. त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे ओळखीचं पाहिलं. ती बाहेर येऊन मायला म्हणाली, "वयखलं मले." माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

आता तो घरी आहे. लोक विचारतात, मी सांगतो, बरा आहे. बरा म्हणजे जेवतो, चालतो, मायला माय म्हणतो. पण कशाला हात घालायला गेला की हात झटका देतो. पडून असला तर काही नाही, नुसत्या करायच्या मनानेच झटका येतो. विळा, चहाचा कप, शर्टाची गुंडी. त्यासाठी एक गोळी आहे, ती घेतली की झटके कमी होतात आणि दुपारभर पेंग येते. झोप आणि हात, दोन्ही एकदम मिळत नाही. आणि आदल्या दिवशीचं आज राहत नाही. शेत मी ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दुसऱ्याला दिलं. विहिरीवर परत पत्रे टाकले, वर दगड ठेवले.

मागच्या लग्नात कोणीतरी म्हणालं, "मास्तर, होऊन जाऊ द्या." मी वडिलांच्या दगडाची गोष्ट काढली. दगड चार मनाचा केला, मुद्दाम. भावाकडे पाहत थांबलो. तो बाकीच्यांसारखा मान हलवून ऐकत होता.

तो एकच गोष्ट मागतो, तीही रविवारी मी ओसरीवर चहाला बसलो की.

"दादा, मी इहिरीत पडलो होतो म्हंते. कसा गा?"

"पडला नाई. उतरला होता."

"कंदील सोडला होता ना आपन?"

पहिल्या वेळी मला वाटलं, हो म्हणावं. कोणाला कळणार आहे? त्याला तर उद्या आठवणारही नाही. पण भावसून दारात गहू निवडत होती आणि तिचा हात थांबला होता.

"नाई," मी म्हणालो. "तू म्हनला होता सोडा लागते. मी नाई म्हनलं. मी बॅटरी सोडली."

तो विचार करतो. प्रत्येक वेळी तेवढाच विचार करतो, तेच कपाळ आक्रसून.

"बॅटरी चालू होती का?"

"होती."

"मंग?"

मग मी त्याला सातवीचा धडा सांगतो. मेणबत्ती, ग्लास, ज्योत. तो नीट ऐकतो. मी काही वाढवत नाही, काही कमी करत नाही. तो स्वतः किती वेळ खाली होता हेही तो विचारतो, आणि मी बारा म्हणतो. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

काल सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बारा म्हंजे लई झाले दादा." आणि कपाकडे हात नेला. हात उडाला, चहा त्याच्या मांडीवर, माझ्या पायजम्यावर. भावसून उठली, आधी त्याची मांडी पुसली. मग तोच ओला फडका तिने माझ्यासमोर ठेवला आणि परत गव्हाकडे गेली.

मी माझा पायजमा पुसला.